गावंडे साहेब आणि लिमाचा मफलर

आमच्या हँगरच्या दारात बिस्किटांचा एक रिकामा डबा तारेनं टांगलेला असायचा. आत येणाऱ्यानं खिशातली पेन्सिल त्यात टाकायची आणि जाताना परत घ्यायची. गावंडे साहेबांनी रुजू झाल्यावर केलेलं हे पहिलं काम. मला वाटलं, नवा माणूस आहे, थोडा रुबाब दाखवून घेतोय. महिन्याभरात डबा आपोआप जाईल. डबा राहिला, आणि त्याच्याशी वाद घालणारे थकले. आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन ग्रेवाल एकदा दारातच अडले. म्हणाले, "गावंडे जी, मैं कप्तान हूँ, कोई बढ़ई नहीं." गावंडे साहेबांनी डबा त्यांच्यापुढे धरला. "पेन्सिल को ये कहाँ मालूम है, सर."

कारण खरं होतं, हे मला पुढे कळलं. छोट्या विमानाच्या इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या मधला मफलर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, हे सगळं स्टेनलेस स्टीलचं असतं आणि चालताना लालभडक तापतं. त्यावर शिसपेन्सिलीची रेघ राहिली, की तापल्यावर तिच्यातला कार्बन धातूत शिरतो आणि धातू पुढे कधीतरी नेमका त्या रेघेवर तडकतो. म्हणून त्या कामात खूण करायची ती वेगळ्या मार्करनं. हे सगळ्याच इंजिनियरांना माहीत असतं. डबा टांगणारा मी एकच पाहिला.

मी तेव्हा त्या फ्लाइंग स्कूलचं टेक्निकल ऑफिस सांभाळत होते, अजूनही सांभाळते. कुठलं विमान कधी दुरुस्तीला घ्यायचं, कुठला भाग कधी मागवायचा, कुणाची सुटी, कुणाची हजेरी. नवरा एअर फोर्समधून निवृत्त झाला तेव्हा आम्ही चंडीगढजवळ झिरकपूरला फ्लॅट घेऊन इथंच राहिलो. गावंडे साहेबही एअर फोर्सचेच, पण माझ्या नवऱ्याच्या आधीचे. मूळचे अकोल्याकडचे. बायको तिकडे शाळेत शिकवायची, हे इकडे एकटे. उंचीला बेताचे, अंगानं वाळके, मानेला कायमचा पुढे बाक. वरच्या खिशात टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीवरचा छोटा आरसा. हँगरमध्ये मी 'मॅडम', घरी आले की 'वहिनी'. बाकीच्यांशी हिंदी, माझ्याशी मात्र थेट वऱ्हाडी. माझा मुलगा चंडीगढमध्ये वाढलेला, तो पहिल्या भेटीनंतर म्हणाला, "मम्मी, अंकल मराठी ही बोल रहे थे ना?"

त्यांचा मुख्य शत्रू धूर. या विमानांत वेगळा हीटर नसतो. मफलरवर पत्र्याचं एक वेष्टण चढवलेलं असतं, मधून बाहेरची हवा फिरते, तापते आणि कॉकपिटमध्ये सोडली जाते. म्हणजे धूर आणि उडवणाऱ्याचं नाक यांच्यामध्ये स्टीलचा एक पातळ पापुद्रा. त्याला चीर गेली, की धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऊब घेऊन आत येतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. माणसाचं डोकं दुखतं, मग त्याला छान वाटायला लागतं, आणि मग झोप येते. आमच्याकडे जानेवारीत दुपारपर्यंत धुकं, त्यानंतर जी मुलं उडतात ती हीटर पूर्ण उघडूनच. त्यामुळे थंडी पडली, की गावंडे साहेबांचा संशय अंगात आल्यासारखा चढायचा.

विद्यार्थी विमानातून उतरला, की हे समोर उभे.

"सिर दुखता है?"

"नहीं सर."

"सौ में से सात?"

"नाइन्टी थ्री."

"उसमें से सात?"

"एटी सिक्स. सर, मेरी क्लास है."

"उसमें से?"

मुलांनी ती उतरंड पाठ केली आणि पायरीवरून खाली येतायेताच घडाघडा म्हणायला लागली. मग यांनी सातचे नऊ केले. ग्रेवाल वैतागून मला म्हणाले, "मैडम, ये पायलट बना रहे हैं कि पटवारी?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते विचारायला गेले आणि गावंडे साहेबांनी त्यांनाही शंभरातून नऊ वजा करायला लावले, कारण तेही नुकतेच उतरले होते.

माणसांवरचा त्यांचा संशय जरा अपमानकारक असायचा. इंजिनाला एक्झॉस्टची, म्हणजे धुराची, नळी जोडतात तिथं फट बंद करणारं पातळ गॅस्केट असतं. एकदा काढलं की ते टाकून द्यायचं, पुन्हा वापरायचं नाही. सगळे मेकॅनिक हे मानतात आणि सगळेच कधी ना कधी मोडतात. गावंडे साहेब काढलेलं प्रत्येक गॅस्केट स्वतःच्या हातानं मधोमध दुमडायचे आणि मगच कचऱ्यात टाकायचे. सुच्चासिंगच्या देखत. सुच्चासिंग आमचा सगळ्यांत जुना मेकॅनिक, फौजेतून आलेला, कामाला पक्का आणि मानी. दर वेळी त्याचे गाल ताठ व्हायचे.

कुणी म्हटलं, "चेक कर लिया जी," की गावंडे साहेबांचा प्रश्न ठरलेला: "किसने देखा?" "मैंने." "तेरे को किसने देखा?" मग टॉर्च, आरसा, आणि हे स्वतः खाली. सगळ्यांच्या मागून यांचे डोळे फिरायचे आणि मगच मफलरवर वेष्टण चढायचं.

संशय हँगरबाहेरही जायचा. शनिवारी अपनी मंडीत, म्हणजे इथल्या आठवडी भाजीबाजारात, ते भेंडीचं प्रत्येक टोक मोडून बघत. पण ते मीही करते, तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही. आमच्या घरी संक्रांतीला जेवायला आले आणि हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते येईचनात. पानं वाढलेली. मी जाऊन बघते तर हे बादली पालथी घालून त्यावर उभे, आणि खिडकीच्या फटीत थंडीसाठी कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे बाहेर काढतायत.

"वहिनी, हा गॅसचा गिझर आत कोनं बसवला?"

"बिल्डरनं."

"बिल्डर आंघोळ करते का इथं?"

माझा नवरा म्हणाला, "अहो गावंडे, इतकी वर्षं वापरतोय. काही झालं नाही."

"थेच त सांगून राह्यलो. अजून झालं नाई."

गिझरमध्ये काही दोष निघाला नाही. तरी ते जेवायला बसेनात. शेवटी मी माझ्या नवऱ्याला त्यांच्यासमोर प्लंबरला फोन करायला लावला, तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला. दुसऱ्या दिवशी गिझर बाहेर गॅलरीत गेला. मला ते पटलं होतं असं नाही; त्यांच्याशी वाद घालत गुळपोळ्या गार करण्यापेक्षा भिंतीला भोक पाडणं सोपं होतं.

अशा माणसाबद्दल लोक काहीतरी ठरवतातच. आमच्याकडे ठरलं होतं, की याच्या हातून मागे कुठेतरी विमान पडलंय. कुणी म्हणे दक्षिणेत, कुणी म्हणे एअर फोर्समध्येच, दाबून टाकलं. बाजवा साहेब, म्हणजे स्कूलचे मालक, यांनाही ही शंका होती. त्यांनी मला सुचवलं, की तुमच्या गावचे आहेत, काढून घ्या जरा. अकोला आणि माझं सोलापूर यांच्यात किती अंतर आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी आडून काढण्याच्या फंदात पडले नाही. दुपारी डबा खाताना सरळ विचारलं, "साहेब, तुमच्या हातून कधी काही झालंय का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "नाई," म्हणाले. "म्हनूनच त भेव वाटते."

मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. मी बाजवा साहेबांना सांगितलं, काही नाही म्हणतात. तेही म्हणाले, कहेंगे ही.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक प्रसंग झाला, तो पुढे महत्त्वाचा ठरला म्हणून सांगते. सुच्चासिंगनं एका विमानाचं संपूर्ण एक्झॉस्ट बसवलं होतं. गावंडे साहेबांना एका क्लॅम्पचा नट पलीकडच्या बाजूला वळलेला दिसला. चालला असता. त्यांनी सगळं उतरवायला लावलं, विद्यार्थी भोवती उभे असताना. सुच्चासिंगनं एक शब्द न बोलता उतरवलं, पुन्हा चढवलं, हात पुसले आणि दाराबाहेर जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इक दिन साब जी दा कम्म वी कोई देखेगा."

गावंडे साहेब म्हणाले, "देखना ही चाहिए." पण साहेबांचं काम त्यांच्या मागे बघायला कोणी गेलं नाही. कोण जाणार? ते स्वतःच शेवटचे बघणारे.

लिमा हे आमचं सगळ्यांत जास्त उडणारं विमान. त्याच्या नोंदणीचं शेवटचं अक्षर L, आणि रेडिओच्या बोलीत L म्हणजे 'लिमा', म्हणून सगळे त्याला लिमाच म्हणतात. डिसेंबर संपताना त्याचं एक्झॉस्ट तपासायला घेतलं. पद्धत अशी: व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून नळ्यांमध्ये हवा सोडायची आणि बाहेरून ब्रशनं साबणाचं पाणी फिरवायचं. जिथं बुडबुडे उठतील तिथं गळती. सुच्चासिंगनं पाइप धरला, गावंडे साहेब इंजिनाखाली आडवे झाले. मफलरच्या एका जोडापाशी बुडबुडे आले. त्यांनी जागेवर खूण केली, क्लॅम्प बदलला, पुन्हा साबण लावून बघितलं, गळती बंद. वेष्टण चढलं, विमान उडायला ठीक असल्याची गावंडे साहेबांची सही झाली, लिमा उडायला लागलं.

जानेवारीत एका दुपारी मेहक लिमा घेऊन एकटी गेली. पंचकुल्याची मुलगी, अभ्यासात हुशार, बोलण्यात त्याहून. वेळेवर परत आली, उतरलीही बरी. पण धावपट्टीवरून आत वळल्यावर मध्येच थांबली. इंजिन चालू, विमान जागच्या जागी. ग्रेवाल रेडिओवर ओरडत होते आणि ती अगदी गोड आवाजात "जी सर, जी सर" म्हणत होती आणि हलत नव्हती.

गावंडे साहेबांना मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. ते आणि सुच्चासिंग पोचले, दार उघडलं, इंजिन बंद केलं. मी मागून गाडी घेऊन गेले. मेहकचे गाल गुलाबी झाले होते, लग्नात दिसतात तसे. गावंडे साहेबांनी तिचा चेहरा हातात धरला.

"बेटा, सौ में से नौ?"

ती हसली. "सर, कल बताऊँ?"

तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला. ती वाचली. आणखी थोडा वेळ वर असती तर आपण काही सांगू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. कॉकपिटमध्ये एक कार्ड चिकटवलेलं असतं. विषारी वायू आला की त्यावरचा ठिपका काळा पडतो. ठिपका काळा पडला होता. मेहकनं तो वर असतानाच पाहिला होता आणि तो तिला 'क्यूट' वाटला होता, हे तिनं स्वतःच नंतर सांगितलं.

मी हॉस्पिटलातून परत आले तेव्हा लिमा हँगरमध्ये होतं आणि मफलर उतरवून टेबलावर ठेवला होता. जोडाच्या शेजारी, मफलरच्या पोटावर चीर होती. नखाएवढी. अर्ध्या चंद्रासारखी वळलेली आणि खाली एक बारीकशी शेपटी. भोवती राखाडी पूड.

गावंडे साहेब मला मराठीत म्हणाले, हळू आवाजात, "मॅडम, आपोआप फाटते थे असं नाई फाटत. हे लिवलेलं हाय. कोनंतरी पेन्सिल चालवली."

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या हँगरमध्ये चहासुद्धा कुणी मोकळेपणानं प्यायलं नाही. हिशेब सोपा होता आणि तो प्रत्येकानं मनात केला. डिसेंबरनंतर ते वेष्टण कुणी उघडलं नव्हतं. त्या दिवशी मफलरला हात लागले ते दोघांचे. त्यातले एक गावंडे साहेब, ज्यांनी दारात डबा टांगला. उरला एक. शिवाय त्यानं भर हँगरमध्ये काय म्हटलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. आता त्या वाक्याचा अर्थ धमकी असा लागत होता.

गावंडे साहेबांनी सुच्चासिंगला माझ्या खोलीत बोलावलं. मी तिथंच होते.

"पेन्सिल कहाँ से आई?"

"मेरे पास पेन्सिल होती ही नहीं जी."

"निशान किसने लगाया?"

"निशान तो आपने लगाया था. मैं तो पाइप पकड़ के खड़ा था."

"मैं मार्कर से लगाता हूँ."

"फेर मैनूँ नहीं पता जी."

"मेरा गुस्सा उस बच्ची पे निकाला?"

सुच्चासिंग एकदम उभा राहिला. माझ्याकडे वळला. "मैडम जी, मेरी पोती है उसकी उमर की. त्वानूँ वी लगदा है?"

मला काय वाटतं ते मलाच ठरवता येत नव्हतं. कुणी मुद्दाम विमानाला विष पाजेल यावर माझा विश्वास बसत नव्हता, पण चीर तर समोर होती.

बाजवा साहेबांनी उशीर केला नाही. मला म्हणाले, आजच सुच्चासिंगला काढल्याचं पत्र तयार करा. पोलिसांत द्यायचं का ते वकिलाला विचारतो. असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या मेकॅनिकला कुठलाच हँगर पुन्हा दारात उभा करत नाही. मी म्हटलं, पत्र लिहिते, पण त्यानंच केलं हे कशावरून, एवढं मला कुणीतरी सांगा. उद्या त्याचा वकील मलाच विचारणार आहे.

तिथंच उभे असलेले गावंडे साहेब म्हणाले, "बरोबर हाय. पाहूनच घेऊ."

त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि लिमाच्या इंजिनाखाली, जिथं मफलर असतो नेमका तिथं, दोरीनं बांधला. सगळ्यांना बोलावलं. व्हॅक्यूम क्लीनर चालू केला, आवाज तसाच हवा म्हणून. "एक एक करके नीचे जाओ. लीक दिखा तो निशान कैसे लगाते हो, वैसा लगाओ. सोचना नहीं. हाथ को लगाने दो."

हाताला विचार करू न देण्याची ही युक्ती मला आवडली. माणूस खोटं बोलेल, पण आडवं पडून, मान वाकडी करून, डोळ्यांत साबण जाईल या घाईत त्याचा हात तेच काढणार जे तो नेहमी काढतो.

पहिला मेकॅनिक गेला, त्यानं गोल काढला. दुसऱ्यानं बाण. सुच्चासिंग शेवटी गेला. त्यानं फुली मारली, ठळक, दोन आडव्यातिडव्या रेघा.

"फिर से," गावंडे साहेब म्हणाले.

पुन्हा फुली. तिसऱ्यांदाही फुली.

गावंडे साहेब माझ्या कानाशी आले. "जानून बदलून राह्यला हा."

असेलही. पण मला पत्र लिहायचं होतं आणि त्यात 'मुद्दाम फुली मारली' असं लिहिता येत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तुमची खूण राहिली."

"माही कायले?"

"दोघं होतात म्हणून. कागदावर दोघांच्या असलेल्या बऱ्या."

ते वैतागले. मार्कर घेतला, खाली सरकले आणि हात वर करून एका झटक्यात खूण केली. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ते माझ्याकडेच बघत होते, झालं का समाधान, अशा नजरेनं. मी वाकलेली होते म्हणून मला आधी दिसली. अर्धा चंद्र, खाली बारीकशी शेपटी.

माझं तोंड पाहून त्यांनी मान वळवली.

व्हॅक्यूम क्लीनर चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. गावंडे साहेब पुठ्ठ्याखाली तसेच पडून राहिले. मग बाहेर आले, टेबलापाशी गेले, टॉर्च लावून मफलरवरची चीर बघितली. खरं तर बघायची गरज नव्हती. टॉर्च खिशात ठेवली, व्हॅक्यूम क्लीनरचं बटण बंद केलं आणि सगळ्यांकडे वळून हिंदीत म्हणाले, "निशान मेरा है."

कसं झालं ते त्यांनीच शोधून काढलं. त्या डिसेंबरातल्या दिवशी हँगरच्या मागच्या बाजूला सुतार ऑफिसचं पार्टिशन दुरुस्त करत होता. मागच्या दारानं आलेला, म्हणून डबा त्याला दिसलाच नव्हता. गावंडे साहेबांनी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, त्याला चार शब्द सुनावले आणि पेन्सिल स्वतःच्या खिशात टाकली. डबा पुढच्या दाराला, आणि लिमाखाली काम अर्धवट. आडवं पडल्यावर बुडबुडे आले. बुडबुडा फुटायच्या आत खूण करायची असते, त्यामुळे डोळे तिथंच ठेवून हात खिशात जातो.

"गेला असंल हात," ते मला म्हणाले. "मले आठवत नाई. आठवत नाई हेच वाईट हाय."

बाजवा साहेबांना कळलं तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांचा जीव भांड्यात पडला. गुन्हेगार नाही, कट नाही, पोलीस नको. ते गावंडे साहेबांना म्हणाले, "गलती इंसान से होती है, गावंडे जी. लिख दो, क्रैक मिला, कारण अज्ञात. लड़की ठीक है. बात खतम."

गावंडे साहेबांनी विचारलं, "कल सुच्चा सिंह के लिए कारण अज्ञात क्यों नहीं था, सर?"

बाजवा साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या कामाला लागले.

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला आणि मी तो दिल्लीला विमान वाहतूक खात्याकडे पाठवला. चौकशी होईपर्यंत त्यांची सही करण्याची परवानगी थांबली. या वयात ती परत मिळणं अवघड, हे त्यांना माहीत होतं. मेहकच्या वडिलांना भेटून त्यांनी सगळं सांगितलं. सुच्चासिंग आठवडाभर आलाच नाही. गावंडे साहेब त्याच्या घरी जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाला? "दूध देलं," म्हणाले. "बोलला नाई."

महिनाअखेर ते नोकरी सोडून अकोल्याला जाणार होते. तोवर रोज वेळेवर यायचे. सही करायची नाही, तर झाडू मारायचे, हत्यारं पुसायचे. सुच्चासिंग परत आला. दोघं एका छपराखाली असायचे आणि एकमेकांना लागेल ते हत्यार न बोलता पुढे करायचे.

लिमाचा नवा मफलर आला. सही करायला अंबाल्याहून दुसरे इंजिनियर दुपारी यायचे होते. त्याआधी बुडबुड्यांची तपासणी उरकून ठेवायची होती. या खेपेला गावंडे साहेबांनी पाइप धरला आणि सुच्चासिंग ब्रश घेऊन खाली गेला. मी नव्या भागांची पावती जुळवत टेबलाशी उभी होते. सुच्चासिंगनं सगळे जोड केले, घाई न करता, आणि बाहेर आला.

"ठीक है जी."

गावंडे साहेबांची मान सवयीनं पुढे गेली. मग त्यांनी ती मागे घेतली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हातात पाइप तसाच, हवा सुटत होती.

सुच्चासिंग हात पुसत थांबला. "देख लो जी."

"मेरी सही नहीं चलती अब."

"सही कौन माँगदा है. देख लो. नहीं तो अकोला तक नींद नहीं आणी."

गावंडे साहेबांनी पाइप त्याच्या हातात दिला आणि खाली गेले. टॉर्च लावली, आरसा फिरवला. एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत, मग मफलरच्या पोटावरून, पाठीवरून. मला वाटलं आता येतील, तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी बाहेर आले, गुडघे झटकले आणि टॉर्च सुच्चासिंगपुढे धरली.

"अब तुम देखो."

"मैं तो वेख के आया हूँ जी. अभी-अभी."

"मेरे से पहले देखा था," गावंडे साहेब म्हणाले. "मेरे बाद नहीं."

सुच्चासिंगनं पाइप त्यांना दिला, टॉर्च घेतली, पगडी सावरली आणि पाठीवर सरकत पुन्हा इंजिनाखाली गेला. गावंडे साहेब पाइप दोन्ही हातांनी नळीच्या तोंडाशी घट्ट धरून उभे होते, त्याचं बघून होईपर्यंत.